सर्व पक्षांच्या अध्यक्षांना आणि प्रवक्त्यांना : आमच्या घरातले तुमचे शब्द परत घ्या

महाराष्ट्रातल्या सर्व राजकीय पक्षांचे अध्यक्ष आणि प्रवक्ते यांस,

स.न.वि.वि.

परवा संध्याकाळी बाजारातून येताना एसटी स्टँडसमोर नवा फलक लागलेला पाहिला. येत्या २ डिसेंबर २०२५ ला आमच्या नगरपालिकेचं मतदान आहे, त्यासाठी झालेल्या शहर आघाडीचा तो फलक. त्यावर दोन स्थानिक पुढाऱ्यांचे फोटो शेजारीशेजारी आहेत, दोघांचे हात एकमेकांच्या हातात आहेत. त्यांतल्या एकाच्या पक्षासाठी माझा मोठा भाऊ २०२४ च्या लोकसभेला बूथवर प्रतिनिधी म्हणून बसला होता. दुसऱ्याच्या पक्षाची बाजू मी तेव्हा घरात तावातावाने मांडत होते. त्या निवडणुकीच्या निकालाच्या रात्रीपासून दादा माझ्याशी बोललेला नाही. सतरा महिने झाले. दोन भाऊबीजा गेल्या.

पिशवी हातात धरून मी त्या फलकासमोर बराच वेळ उभी होते. हे पत्र तिथेच मनात सुरू झालं.

आधी माझ्याविषयी सांगते. मी निवृत्त शिक्षिका आहे. नोकरीत असताना अनेक निवडणुकांची ड्युटी केली. पहिली १९९१ च्या लोकसभेची, कागदी मतपत्रिका आणि लोखंडी पेट्यांच्या काळातली. पुढे यंत्रं आली, मी केंद्राध्यक्ष झाले. पहाटे अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान घेऊन यंत्र सगळ्या प्रतिनिधींसमोर शून्यावर आणायचं, मग सात वाजता दार उघडायचं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२८ वं कलम आम्हाला प्रशिक्षणात वाचून दाखवत, मतदानाची गुप्तता राखण्याचं. मी ते मनापासून पाळलं. म्हणून मी कुणाला मत दिलं हे इथे सांगणार नाही, आणि दादाने कुणाला दिलं तेही नाही. हे पत्र सगळ्या पक्षांना आहे. ज्याला वाटेल की हे दुसऱ्याच पक्षाबद्दल आहे, त्याने ते पुन्हा एकदा वाचावं ही विनंती.

आमच्या घराला राजकारण नवीन नव्हतं. १९७७ साली मी शाळेत होते. अण्णा एका बाजूचे, काका दुसऱ्या. ओसरीवर दोघांचे आवाज इतके चढत की आई मधलं दार ओढून घ्यायची. पण भोंगा लावलेली गाडी गल्लीतून निघून गेली की प्रचार निघून जायचा. मग घरात उरायचे ते अण्णा आणि काका. त्यांच्या भांडणात त्यांचेच शब्द असायचे. काका अण्णांना ‘तू पहिल्यापासून हट्टी’ म्हणायचे, कारण अण्णा खरंच हट्टी होते. निकाल दोघांनी एकाच रेडिओवर ऐकला.

आता गाडी निघून जात नाही. १६ मार्च २०२४ ला लोकसभेचा कार्यक्रम जाहीर झाला आणि ४ जूनला निकाल लागला. ऐंशी दिवस. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर इतकं लांबलेलं मतदान या देशाने पाहिलं नव्हतं. आमच्याकडे १३ मे रोजी चौथ्या टप्प्यात मतदान झालं. बोटाला शाई लागली, म्हणजे आमच्यापुरता प्रश्न संपायला हवा होता. पण देशात तीन टप्पे बाकी होते. त्यामुळे तुमची भाषणं, चित्रफिती आणि चर्चा आणखी तीन आठवडे फोनवर येत राहिल्या. आमच्या हातात आता कुठलंच मत उरलेलं नव्हतं, तरी आम्ही भाऊबहीण भांडत होतो. कशासाठी, हे मी आजही सांगू शकत नाही.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आम्ही एकोणीस जण होतो. वाढदिवस, भाच्याची नोकरी, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, असलं सगळं तिथे यायचं. एप्रिलपासून तिथे तुम्ही येऊ लागलात. दादा सकाळी सहाला एक चित्रफीत टाकायचा, मी साडेसहाला तिचं उत्तर टाकायचे. त्यातलं एकही वाक्य त्याचं नव्हतं, एकही माझं नव्हतं. आम्ही दोघं टपाल वाटत होतो. मतदानाआधीच्या शेवटच्या ४८ तासांत सभा बंद होतात, भोंगे बंद होतात, तसा कायदा आहे. पक्षांनी पैसे देऊन केलेल्या जाहिरातीला आधी मंजुरी घ्यावी लागते. पण भावाने बहिणीला पाठवलेल्या चित्रफितीला कुणाची मंजुरी लागत नाही, आणि तिला ४८ तासांची विश्रांतीही नसते. तुमच्या प्रचाराची आखणी करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तुम्ही आमच्या घरातून प्रचार केला.

ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार शब्दांची आहे आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. तुमच्या प्रवक्त्यांनी त्या ऐंशी दिवसांत एकमेकांना काय म्हटलं ते सोडून देते. तुमचं तुम्ही बघा. पण तुम्ही आम्हालाही नावं ठेवलीत. समोरच्या पक्षाला मत देणारा माणूस तुमच्यापैकी कुणाच्या तोंडी देशद्रोही झाला, कुणाच्या तोंडी गुलाम झाला, कुणाच्या तोंडी विकला गेलेला. आदर्श आचारसंहितेच्या पहिल्याच भागात लिहिलं आहे की टीका धोरणावर, कार्यक्रमावर, मागच्या कामगिरीवर करावी, खाजगी आयुष्यावर करू नये. जाती-धर्मांत, भाषांत तेढ वाढवू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२५ वं कलम अशा तेढीला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगतं. पण समोरच्याला मत देणाऱ्या साध्या मतदाराला काय म्हणावं, काय म्हणू नये, याबद्दल त्या आचारसंहितेत एक ओळ नाही. ती मोकळी जागा तुम्ही सगळ्यांनी मिळून वापरली.

४ जूनच्या रात्री दहा वाजता दादा माझ्या दारात आला. आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने मला एक शब्द वापरला. तो शब्द मी त्याच आठवड्यात तुमच्यापैकी एका प्रवक्त्याच्या तोंडून टीव्हीवर ऐकला होता, अगदी त्याच ठसक्यात. मी त्याला उलट एक शब्द दिला. तोही माझा नव्हता, दुसऱ्या प्रवक्त्याचा होता. साठ वर्षांत आम्ही एकमेकांना तसं कधी बोललो नव्हतो. लहानपणी मारामाऱ्या केल्या, अण्णांच्या आजारपणात पैशांवरून खटके उडाले, पण हे शब्द आमच्या घरात नव्हतेच. तो गेला आणि त्याच रात्री गटातून बाहेर पडला. मी माझी चूक लपवत नाही. तोंड माझं होतं, आणि मी ते बंद ठेवू शकले असते. पण शब्द कुठून आला हे मला माहीत आहे.

तुम्ही चर्चा संपल्यावर वाहिनीच्या कार्यालयात एकत्र चहा घेता. मला त्याचा राग नाही, घ्यावाच. पण तो चहा तुम्ही आम्हाला दाखवत नाही. भांडण दाखवता.

दादा त्या रात्री माझ्या दारात का आला, ते मला नंतर वहिनीकडून कळलं. ती तिसरी तक्रार.

मतमोजणीत प्रत्येक बूथचं यंत्र वेगळं उघडतं. कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली हे टेबलाशी बसलेला प्रत्येक प्रतिनिधी लिहून घेतो, आणि पुढे ते अधिकृत तक्त्यातही येतं. एका केंद्रावर हजार-दीड हजारांच्या आत मतदार. आमच्यासारख्या गावात याचा अर्थ दोन-तीन गल्ल्या. संध्याकाळपर्यंत ती यादी पुढाऱ्याच्या हातात होती. आमच्या बूथवर दादाचा पक्ष ३७ मतांनी मागे पडला होता. तालुक्याच्या पुढाऱ्याने वीस-पंचवीस माणसांसमोर दादाला विचारलं, “घरातलं मत सांभाळता येत नाही, तू बूथ काय सांभाळणार?”

माझा भाऊ पासष्ट वर्षांचा आहे. त्या पक्षासाठी त्याने पदरचे पैसे खर्च केले, उन्हात फिरला, कधी काही मागितलं नाही. त्याला असं चारचौघांत बोललं गेलं आणि तो तसाच माझ्याकडे आला. तो माझ्यावर चिडला होता असं मी कितीतरी महिने धरून चालले. खरं तर तो अपमान घेऊन आला होता आणि तो ठेवायला त्याला दुसरं दार नव्हतं.

गुप्त मतदान म्हणजे फक्त पुठ्ठ्याचा आडोसा नव्हे, हे मला तेव्हा नीट कळलं. मी तीस वर्षं त्या आडोशाची राखण केली. कुणी मतदाराच्या मागे डोकावलं तर उठून हाकललं. आणि मोजणीच्या दिवशी तीच गल्ली उघडी पडते. कोणत्या वस्तीने कुणाला दिलं, कोणत्या समाजाची मतं फिरली, कोणत्या घराने दगा दिला, सगळ्याचे हिशोब त्या यादीवर मांडले जातात. मग कुणाचा पाण्याचा टँकर उशिरा येतो, कुणाच्या दुकानावरचं गिऱ्हाईक तुटतं. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्रांसाठीही तशी सोय होऊ शकते. टोटलायझर नावाचं उपकरण अनेक बूथची यंत्रं एकत्र जोडून फक्त बेरीज दाखवतं. निवडणूक आयोगाने ते २००८ साली सुचवलं. विधी आयोगाने २०१५ च्या मार्चमध्ये आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते आजही आलेलं नाही. बूथची यादी तुम्हाला हवी आहे. कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात ती सोडून देण्याचं वचन मला ठळकपणे दिसलेलं नाही.

आता थोडं तुमच्या घरांविषयी. ते मी टोमणा म्हणून लिहीत नाही. त्याच निवडणुकीत बारामतीत नणंद आणि भावजय समोरासमोर होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अजित पवारांनी बहिणीविरुद्ध पत्नीला उभं करणं ही चूक झाली, असं जाहीरपणे मान्य केलं. त्या कबुलीबद्दल मला खरोखर आदर आहे. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये वडील एका शिवसेनेत आणि मुलगा दुसऱ्या शिवसेनेचा उमेदवार, आणि तो मुलगा ४८ मतांनी पडला. त्या घरात त्या रात्री काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला. आणि यंदा, २०२५ च्या ५ जुलैला, वरळीत दोन चुलतभाऊ जवळजवळ वीस वर्षांनी एका मंचावर आले, तेव्हा मी टीव्हीसमोर रडले. माझ्या मुलीला वाटलं मी त्या पक्षांची झाले. मी दादाची झाले होते, एवढंच.

म्हणजे घर फुटतं कसं आणि सांधतं कसं, हे तुम्हाला आमच्याइतकंच कळतं. फरक असा की तुमचं सांधताना हजारो माणसं टाळ्या वाजवतात, वर्तमानपत्रं पहिल्या पानावर छापतात. २०१९ ला एका चिन्हावर मत दिलेल्या माणसाला जून २०२२ मध्ये आणि जुलै २०२३ मध्ये आपलाच पक्ष दोन ठिकाणी दिसू लागला. काल ज्याला आम्ही शत्रू मानावं असं तुम्ही सांगितलंत, तो आज तुमचा मित्र. राजकारणात युती होते, तुटते, पुन्हा होते. साठी ओलांडलेल्या बाईला तुम्ही ते समजावून सांगायला नको. माझी तक्रार युतीची नाही. चौथी तक्रार ही की तुम्ही मित्र होताना आम्हाला कळवत नाही. कालचा आरोप खोटा होता की खरा होता पण सोयीसाठी विसरला, हे कुणी सांगत नाही. फलक लागतो, बस. तुमच्या आरोपावर विसंबून ज्याने सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं, त्याने आता काय करायचं?

एक प्रसंग सांगते, मग मागण्या. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि जुन्या घरात दादाकडेच असते. लोकसभेला पंच्याऐंशीच्या वरच्या मतदारांना घरून मतदानाची सोय होती. तिचा अर्ज दादानेच भरून दिला. मतदानाच्या काही दिवस आधी अधिकारी घरी आले, सोबत चित्रीकरण करणारा मुलगा आणि पोलीस. आईने मलाही बोलावून घेतलं होतं. त्याआधीचे आठ दिवस आम्ही दोघंही तिच्या कानाशी लागलो होतो, तो रात्री पाय चेपताना, मी फोनवर. तिने मतपत्रिका हातात घेतली, चष्मा लावला आणि आमच्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही दोघंही अंगणात जा. तुमच्या वडिलांनी मला कधी विचारलं नाही, कुणाला दिलंस म्हणून.”

आम्ही अंगणात जाऊन उभे राहिलो, पारिजातकाखाली, मार खाल्लेल्या पोरांसारखे. दादा म्हणाला, “ऊन फार झालंय यंदा.” मी हो म्हटलं. आमचं ते शेवटचं नीट बोलणं.

आता मी आईला भेटायला दादा दुकानात असण्याची वेळ बघून जाते. सकाळी अकरा ते एक. वहिनी दार उघडते, चहा टाकते, घड्याळाकडे बघत राहते. आई दर वेळी विचारते, “थांबतेस का तो येईपर्यंत?” माझ्याकडे उत्तर नसतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

तुमच्या पक्षाच्या कुणीही, कोणत्याही पदावरच्या माणसाने, दुसऱ्या पक्षाच्या मतदाराला उद्देशून वापरलेले अपशब्द जाहीरपणे मागे घ्या. नेत्यांना म्हटलेलं नको, मतदारांना म्हटलेलं. ज्या वाहिनीवर म्हटलं तिथेच, ज्या वेळी म्हटलं त्याच वेळी. आणि पुढे जो प्रवक्ता मतदाराला नावं ठेवील त्याला त्या दिवसापासून बोलायला पाठवू नका. यासाठी कायदा लागत नाही, तुमची एक सही पुरते.

कालच्या विरोधकाशी हात मिळवलात तर दोन्ही पक्षांनी मिळून एक पानभर लिहून द्या : आधी केलेल्या आरोपांपैकी कोणते मागे घेतले, कोणते अजून कायम आहेत आणि ते कायम असूनही आपण एकत्र का आलो. हे पान जाहीरनाम्याइतकंच ठळक छापा, आणि ज्या कार्यकर्त्यांनी तुमचा प्रचार घराघरांत नेला त्यांच्या हातात सर्वांत आधी ठेवा.

मतमोजणीत बूथनिहाय आकडे झाकले जावेत यासाठी टोटलायझरला तुमच्या पक्षाची लेखी संमती निवडणूक आयोगाला आणि केंद्र सरकारला कळवा. ते यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर निदान तुमच्या तालुक्याच्या पुढाऱ्यांना एवढं सांगा की बूथच्या यादीवरून कुणाही कार्यकर्त्याला त्याच्या घरातल्या मतांचा जाब विचारायचा नाही. बायकोच्या मताचा नवरा जबाबदार नाही, बहिणीच्या मताचा भाऊ नाही. हे एक वाक्य त्या रात्री कुणी त्या पुढाऱ्याला सांगितलेलं असतं, तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आणि घरच्या गटांवर पाठवण्यासाठी म्हणून तुम्ही जे तयार करून घेता, त्यावर पक्षाचं नाव घाला. दादाला आणि मला निदान दिसलं असतं की आपण कुणाचं टपाल वाटतो आहोत.

२ डिसेंबरला मी मतदानाला जाणार आहे. आमचं केंद्र माझ्याच जुन्या शाळेत आहे आणि दादाचं नाव त्याच यादीत आहे. या वेळी तो कुणाचाही प्रतिनिधी म्हणून बसणार नाही, असं वहिनी म्हणाली. तो सकाळी लवकर येतो, मीही लवकर जाते. रांगेत आम्ही मागेपुढे असू कदाचित.

या पत्राचं उत्तर मला नको. ते दादाच्या फोनवर पाठवा. त्याचा नंबर तुमच्या लोकांकडे आहे. माझा निरोप तो उघडत नाही, तुमचा उघडतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि मतदार